माशाची मती आणि मत्स्यबीजाची गणती

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, ही म्हण मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. पुढाऱ्याचा मुलगा निवडणुकीला उभा राहिला किंवा व्यापाऱ्याच्या पोराने चटकन हिशेब जुळवून दाखविला की ती हमखास आठवते. म्हण खोटी नाही. परंतु ती अर्धीच आहे. पोहणे पिलाला उपजत येते हे खरे. तथापि कोणापासून पळावे, कोठे दडावे, कोणाच्या सोबतीने चरावे, यांतील बरेचसे त्याला अनुभवाने शिकावे लागते आणि शिकण्याची संधी मिळाली नाही तर ते प्राणास मुकते. माशांच्या वर्तनाविषयी व आकलनशक्तीविषयी गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन झाले त्याचे हे एक सार आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या परभणीसारख्या जिल्ह्याने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. या संशोधनाचा आपल्या जलाशयांशी, त्यांवर पोट भरणाऱ्या भोई कुटुंबांशी आणि सार्वजनिक पैशाशी अगदी निकटचा संबंध आहे, एवढेच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका जलाशयावर मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम पाहण्याचा योग आला. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गाडीतून उतरविण्यात आल्या. एका वाटीत किती पिले बसतात ते मोजून, त्या संख्येला वाट्यांच्या संख्येने गुणून एकूण आकडा काढण्यात आला. तो नोंदवहीत चढला, त्याखाली सह्या झाल्या, पिशव्यांची तोंडे सोडण्यात आली आणि मंडळी चहाला वळली. काठावर एक वयस्कर भोई उभे होते. ते म्हणाले, “मोजणी झाली, सर. आता मरळीच्या पंगती बसतेत.” थोड्याच वेळात पाण्यावर जागोजाग खळबळ दिसू लागली. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला त्या एका वाक्यात बरेच काही ऐकू आले. नोंदवहीतील आकडा हा खर्चाचा आकडा होता. त्यातून उत्पन्न किती झाले, म्हणजे किती पिले जगली, हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

नोंदवहीतला आकडा

मासा नदीचा असता तर बीज सोडण्याचा हा प्रश्न उद्भवला नसता. पहिल्या पावसाने नदीला पूर आला की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत, उथळ पाण्यात अंडी घालीत. चढणीच्या माशांचे ते दिवस गोदाकाठच्या जुन्या माणसांना अजून आठवतात. पुढे धरणे झाली. आमच्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले. त्याच नदीवर खाली असलेले सिद्धेश्वर धरण १९९९ च्या जिल्हा विभाजनानंतर हिंगोली जिल्ह्यात गेले. गोदावरीवर ठिकठिकाणी बंधारे आले. धरणांनी शेतीला पाणी दिले, वीज दिली, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी चढणीची वाट अडविली. रोहू, कटला, मृगळ या जातींना विणीसाठी वाहते, पुराचे पाणी लागते. साचलेल्या पाण्यात त्या सहसा वीत नाहीत.

या अडचणीवर भारतीय शास्त्रानेच तोड काढली. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओरिसात कटक येथे पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे कृत्रिम प्रजनन यशस्वी करून दाखविले. तो दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. आज मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली या पायऱ्यांनी जे बीज जलाशयात येते ते चौधरींच्या त्या शोधाचे फळ आहे आणि देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायाचा तो पाया आहे.

मात्र त्यामुळे एक गोष्ट घडली. जलाशयातील व्यापारी मासा हा आता बहुतांशी टाक्यांत व संगोपन तळ्यांत वाढलेला मासा झाला. त्याला ठरल्या वेळी खाद्य मिळाले. त्याच्या तळ्यातून मरळ, शिवडा यांसारखे भक्षक आधीच काढून टाकलेले होते. शत्रू कसा दिसतो, त्याच्या पाण्याला वास कसा येतो, हे त्याने कधी अनुभवलेच नाही. असे पिलू एके दिवशी पिशवीतून थेट भक्षकांच्या राज्यात जाऊन पडते. तज्ज्ञ याच कारणाने जलाशयात निदान ८० ते १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली सोडण्याचा सल्ला देतात. सल्ला योग्यच आहे. पण त्यात विचार केवळ पिलाच्या लांबीचा आहे. पिलाला काय कळते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण माशाला काही कळते असेच आपण धरून चालत नाही.

मासा शिकतो, आठवतो, निवडतो

हा समज शास्त्राने केव्हाच मोडीत काढला आहे. मधमाश्यांच्या नृत्यभाषेचा उलगडा करणारे व १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली, शीळ घातली की खाद्यासाठी बाहेर येणाऱ्या एका शिंगट्या माशाविषयी निबंध प्रसिद्ध केला. माशांना ऐकू येत नाही, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. एका आंधळ्या माशाच्या साहाय्याने फ्रिश यांनी त्यांना निरुत्तर केले. पुढे १९३८ मध्ये त्यांनी याहून महत्त्वाची गोष्ट नोंदविली. कळपातील एखाद्या माशाच्या कातडीला जखम झाली की तीतून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याच्या वासाने बाकीचे मासे भयभीत होऊन पळतात. हे भयसूचक द्रव्य कार्प व शिंगट्या यांच्या विस्तृत कुळात सर्वत्र आढळते. आपले रोहू, कटला, मृगळ हे त्याच कुळातले होत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

अमेरिकेत लेस्टर ॲरनसन यांनी १९५१ मध्ये समुद्रकाठच्या खडकांतील डबक्यांत राहणाऱ्या एका लहान माशाचा अभ्यास केला. ओहोटीच्या वेळी हा मासा एका डबक्यातून न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारतो. भरतीच्या वेळी खडकांवरून पोहताना तो त्या जागेचा नकाशा मनात साठवून ठेवतो, असे दिसून आले; पुढील प्रयोगांत चाळीस दिवसांनंतरही ही स्मृती टिकून राहिल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियातील कलम ब्राऊन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मासे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातील छिद्र शोधून निसटण्यास शिकले आणि अकरा महिन्यांनी तेच जाळे पुन्हा आणले तेव्हा वाट विसरले नव्हते. तांबड्या समुद्रात रेदुआन ब्शारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की ग्रूपर जातीचा मासा कपारीतल्या मोरे वामेपाशी जाऊन डोके हलवून तिला शिकारीला बोलावितो. एक उघड्या पाण्यात शिकार करतो, दुसरी फटींत शिरते. माशाच्या मेंदूत आपल्यासारखा थर नाही म्हणून त्याला मती नाही, हा युक्तिवाद अशा पुराव्यांपुढे टिकत नाही.

मुळामुठेचा खुद्री आणि बंगळूरची प्रयोगशाळा

हे सारे परदेशचे झाले, असे कोणी म्हणू नये. याच दिशेचे काम आपल्या देशात आणि आपल्याच माशावर झाले आहे. मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून दख्खनमध्ये फिरलेला कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा पुढे लंडनच्या सांख्यिकी सोसायटीचा अध्यक्ष झाला. या आकडेमोड करणाऱ्या माणसाने दख्खनच्या माशांचे वर्णन केले तेव्हा त्यांची येथील नावे विचारून घेतली आणि तीच शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, मुसुल्ला, कोळस ही आपल्या मुलखातली नावे अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात रुजली. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळालेल्या महसीर माशाला १८३९ मध्ये मिळालेले खुद्री हे नाव आजही कायम आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात याच महसीराचे बीज तयार करण्याचे केंद्र उभारले आणि तेथील बोटुकली देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली.

बंगळूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज या संस्थेतील व्ही. व्ही. बिनॉय हे माशांच्या वर्तनाचे अभ्यासक आहेत. बंगालात कोई म्हणून प्रसिद्ध असलेल्या माशावर त्यांनी के. जॉन थॉमस यांच्याबरोबर केलेले काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ओळखीच्या माशांचा लहान कळप आणि अनोळखी माशांचा मोठा कळप यांपैकी एक निवडण्याची वेळ आली तेव्हा त्या माशाने मोठा कळप पसंत केला. ओळखीपेक्षा संख्येत अधिक सुरक्षितता आहे, असा हिशेब त्यामागे असावा. पुढे बिनॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या महसीराकडे लक्ष वळविले आणि बीजकेंद्रात वाढलेल्या पिलांच्या स्वभावाची पारख केली. अशा प्रयोगांत पिलू आडोशातून अपरिचित जागेत किती लवकर बाहेर पडते, काचेपलीकडच्या कळपाजवळ किती वेळ घालविते, यांची नोंद घेतात. एकाच वयाच्या, एकाच टाकीतल्या पिलांतही कोणी धीट तर कोणी बुजरे असते. आणि जी धीट तीच मिलनसार, असे नाते महसीरात दिसते, हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला.

माशाला स्वभाव असतो ही कल्पना ऐकून हसू येण्याचा संभव आहे. पण शेतकऱ्याला बैलाचा स्वभाव ठाऊक असतो, गवळ्याला म्हशीचा असतो. मग पाण्यातल्या जिवाला स्वभाव असू नये असा काही नियम नाही. आपण त्याला जवळून पाहत नाही एवढेच. आणि हा स्वभाव केवळ कुतूहलाचा विषय नाही. कॅनडातील संशोधकांनी २००८ मध्ये ट्राउट माशांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळ्यात उभ्या लावून ठेवलेल्या जाळ्यांत धीट व झपाट्याने वाढणारे मासे बुजऱ्या व सावकाश वाढणाऱ्या माशांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात अडकले. म्हणजे मासेमारी कळपातून सरसकट काढणी करीत नाही. ती एका स्वभावाची माणसे गावातून उचलून न्यावी तशी धिटांना उचलते आणि मागे बुजरे, सावकाश वाढणारे ठेवते. अशी जाळी आपल्या जलाशयांतही सर्रास वापरली जातात.

अर्थशास्त्राची चूक

येथे माझ्या विषयाची कबुली दिली पाहिजे. एच. स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली मत्स्यव्यवसायावर लिहिलेला निबंध सामाईक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राचा आरंभ मानला जातो. कोणाचीच मालकी नसलेल्या पाण्यात, नफा शून्यावर येईपर्यंत होड्या वाढत जातात, हे त्याने दाखवून दिले आणि ते आम्ही वर्गात आजही शिकवितो. त्या मांडणीत मासा म्हणजे केवळ एक साठा असतो. तो ठराविक वेगाने वाढतो आणि साठा घटला की त्या प्रमाणात जाळ्यात येणारा मासाही घटतो, असे साधेपणाने गृहीत धरले जाते. वस्तुतः मासा कळपाने राहतो. साठा खालावला तरी उरलेले मासे एकत्र गोळा होतात आणि त्या ठिकाणी जाळे टाकणाऱ्याला पूर्वीइतकेच भरघोस मिळते. न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाच्या बाबतीत हेच घडले. बड्या ट्रॉलरांची पकड दीर्घकाळ भरघोस राहिली, तिच्यावरून काढलेले साठ्याचे अंदाज फुगले आणि अखेर जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. माशाचे वर्तन हिशेबात न धरल्याची ही किंमत होती, अर्थात अतिरेकी मासेमारी हे मूळ कारण होतेच.

आपल्याकडेही वर्तनाचा व स्थानिक परिस्थितीचा विचार न करता बीज सोडल्याचा अनुभव आहे. वर सांगितलेल्या महसीराचे बीज कावेरीत सोडण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला भव्य महसीर पूर्वीपासून राहत होता. पाहुणा फोफावला आणि यजमान संपत आला. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित केली, तोवर तो अतिसंकटग्रस्त होऊन बसला होता. किती लाख पिले सोडली यावरून यश मोजण्याच्या पद्धतीला या प्रकरणात दोष दिसलाच नसता.

केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसाठी २०,०५० कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु पैसा वाढला की मोजमापाची चूकही त्याच पटीने महाग पडते. उदाहरणादाखल एक साधे गणित घेऊ. शंभर बोटुकल्या शंभर रुपयांना घेऊन सोडल्या आणि त्यांतल्या दहा जगल्या, तर जगलेला प्रत्येक मासा आपल्याला बीजाच्या हिशेबाने दहा रुपयांना पडला. दहाऐवजी वीस जगल्या तर तोच मासा पाच रुपयांना पडेल. बीजाची संख्या दुप्पट करून जे साधते तेच जगण्याचे प्रमाण दुप्पट करूनही साधते, आणि पहिला मार्ग दरवर्षी पैसे मागतो. आज सारे प्रोत्साहन पहिल्या मार्गाकडे आहे, कारण पुरवठादाराचे देयक सोडलेल्या पिलांवर निघते, जगलेल्यांवर नाही.

या पद्धतीचा भार कोणावर पडतो, हे पाहण्यासारखे आहे. जलाशयाचा ठेका घेणारी मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीजाचा खर्च सोसते. पुढे मासा निघाला नाही की संस्थेला कारभार जमत नाही, भोयांना शिस्त नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पिले पहिल्याच आठवड्यात मरळीच्या पोटात गेली असतील, ही शक्यता कागदावर कोठेच नसते. ज्यांनी तोटा सोसला त्यांच्यावरच नालायकीचा ठपका बसतो. आमच्या महाविद्यालयात या कुटुंबांतील मुले शिकायला येतात. वडिलांचा धंदा पुढे चालवायचा का, असे विचारले तर बहुतेक जण मान खाली घालतात.

पिलांची शाळा

मग करावे काय? बीजकेंद्रातील पिलांना सोडण्यापूर्वी जगण्याचे धडे देता येतात, हा विचार मत्स्यशास्त्रात १९८९ पासून मांडला जात आहे. त्यामागची युक्ती फ्रिश यांच्या भयसूचक द्रव्यावर आधारलेली आहे. पाण्यात ते द्रव्य आणि भक्षक माशाचा वास एकाच वेळी सोडला की अजाण पिलू त्या वासाला घाबरायला शिकते, अनेकदा एकाच अनुभवात. इतकेच नव्हे, तर जाणत्या माशांबरोबर ठेवलेली अजाण पिले त्यांच्याकडे पाहून तेच शिकतात, असे कॅनडातील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविले. व्हिक्टोरिया ब्रेथवेट यांनी नॉर्वेतील सहकाऱ्यासह २००५ मध्ये कॉडच्या पिलांवर केलेले काम याला पूरक आहे. ओक्याबोक्या टाकीऐवजी दगडगोटे व आडोसे असलेल्या, अन्न कधी येथे तर कधी तेथे मिळणाऱ्या टाकीत वाढलेली पिले धक्क्यातून लवकर सावरली आणि नव्या जागेचा शोध त्यांनी चटकन घेतला.

यांत महागडे असे काही नाही. संगोपन तळ्यात दगड व पाणवनस्पती ठेवणे, बोटुकली जलाशयातच जाळीच्या कप्प्यात काही दिवस ठेवून मग सोडणे, त्या कप्प्याशेजारी दुसऱ्या जाळीत एखादी मरळ ठेवणे, दोन-चार पिलांच्या कातडीचा अर्क पाण्यात मिसळणे, एवढाच काय तो खर्च. यांतील पुष्कळसे प्रयोग थंड प्रदेशांतील माशांवर झाले आहेत, हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच ते येथे करून पाहिले पाहिजेत. मुंबईत १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे; मराठवाड्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. येलदरीसारख्या एका जलाशयात धडे दिलेली पिले आणि न दिलेली पिले वेगवेगळ्या खुणा करून सोडावीत आणि दोन वर्षांनी जाळ्यात कोणती किती आली ते मोजावे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाएवढे हे काम आहे. त्याचा निकाल अनुकूल लागला तर पुरवठादाराचे निदान काही देयक जगलेल्या माशांच्या प्रमाणावर देण्याची अट घालता येईल. प्रतिकूल लागला तरी बीज कोठे जाते, हे प्रथमच कळेल.

या प्रयोगात भोई केवळ मजूर म्हणून नसावेत. त्या वयस्कर गृहस्थांनी पुढे बोलता बोलता मला सांगितले की पाण्यावर तांबूस पिलांचा थवा तरंगताना दिसला की त्याखाली मरळ राखणीला असते हे ओळखावे. पिले वर उसळली की ती कोठे आहे ते कळते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मरळीचे हेच अपत्यसंगोपन वर्णिलेले आहे. कोणत्या महिन्यात मासा कोणत्या खोलीवर असतो, कोणत्या वाऱ्याला वर येतो, कोणत्या कोपऱ्यात भक्षक फार, हे या मंडळींना ठाऊक असते. बीज कोठे व केव्हा सोडावे हे मात्र त्यांना कोणी विचारीत नाही. ते ठरते गाडी जेथवर जाऊ शकते त्या रस्त्यावरून आणि पाहुण्यांच्या सोयीच्या वेळेवरून. साइक्स साहेबाने पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी माशाचे नाव येथील माणसाला विचारले होते. आम्ही त्याच्यापेक्षा मागे जाण्याचे कारण नाही.

काही आक्षेप

एक आक्षेप असा येईल की शेवटी मासा खायचाच, मग त्याच्या बुद्धीची उठाठेव कशाला? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहाराचे: खाण्यासाठीही तो आधी जगला पाहिजे. दुसरे थोडे अवघड आहे. लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या तोंडावर व डोक्यावर इजा जाणणारी चेतातंतूंची टोके असल्याचे दाखविले. मासा वेदना आपल्यासारखी अनुभवतो काय, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु शिकणारा, आठवणारा, सोबती निवडणारा जीव वेदनेपुरता दगड असेल, असे छातीठोकपणे म्हणणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. भोई समाजाने मासेमारी सोडावी असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्यांच्या ताटात दुसरे काही पडत नाही त्यांना भूतदया शिकविणे हा उर्मटपणा होईल. पिशवीत कोंबून, उन्हात तासन्‌तास ताटकळत ठेवून बीज आणू नये, पकडलेला मासा तडफडत ठेवू नये, एवढे तरी पाळता येईल. आणि त्यात मालाची प्रतही राहते.

दुसरा आक्षेप असा की कापूस आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय तो केवढा? खरे आहे, तो लहान आहे. परंतु भूमिहीन माणसाला हाताशी असलेली ती एकमेव सामाईक संपत्ती आहे. पाऊस लहरी झाला असताना धरणात पाणी आहे तोवर तिच्यातून पोषण व उत्पन्न दोन्ही मिळू शकते. लहान व्यवसायाला ढोबळ हिशेब चालतो, असे समजणे हे त्या माणसांना लहान समजणे आहे.

कौटिल्याने मोठ्याने लहानाला गिळण्याच्या अराजकाला मत्स्यन्याय म्हटले आणि राजदंड त्यासाठीच असतो असे सांगितले. जलाशयातला मत्स्यन्याय कोणी थांबवू शकत नाही, थांबवूही नये; मरळीलाही जगायचे आहे. परंतु लहान माशाला पळण्याची कला येण्याआधीच त्याला तिच्या पुढ्यात ओतून, वर त्याची नोंद विकासकार्य म्हणून करणे यात निसर्गाचा काही दोष नाही. पुढील पावसाळ्यात पुन्हा पिशव्या येतील, वाट्यांनी मोजणी होईल. त्या वेळी नोंदवहीत एक नवा रकाना आखून घ्यावा, ‘दोन वर्षांनी किती’ असा. आणि तो भरण्याचे काम काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे द्यावे, एवढीच संबंधितांना विनंती आहे.